जिचा तिचा ताण

परवाचीच गोष्ट. साताऱ्याहून नणंदेचा फोन आला, "आई बाथरूममध्ये पडली, दवाखान्यात नेतोय." मी आणि माझी धाकटी जाऊ हातातलं काम टाकून स्वारगेट स्टँडवर आलो. पाऊस धो धो. घाटात ट्रक बंद पडलेला, त्यामुळे गाड्या खोळंबलेल्या.

माझ्या चौकशीच्या खिडकीपाशी चार चकरा झाल्या, नणंदेला सहा फोन झाले, रांगेतल्या एका बाईंशी भांडणही झालं. आणि जाऊबाई? मांडीवर पिशवी घेऊन बाकावर गप्प! शेवटी मी बोललेच, "अगं, तुला काहीच कसं वाटत नाही?"

ती काही बोलली नाही. मी चहा आणला, तर तिच्या हातातला कप लटपटत होता. हळूच म्हणाली, "ताई, बोलले तर रडू फुटेल, म्हणून गप्प बसलेय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैत्रिणींनो, माणसांचे असे स्वभाव अभ्यासले गेलेत. १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रीडमन आणि रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी दोन प्रकार सांगितले. सतत घाईत, चटकन चिडणारी माणसं 'ए टाइप', तर निवांत माणसं 'बी टाइप'. 'ए' वाल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या संशोधनात मात्र हे सरसकट टिकलं नाही. घाईपेक्षा मनात धुमसणारा राग आणि वैरभाव जास्त घातक, असं दिसलं. शिवाय बहुतेक जणी या दोन टोकांच्या मधेच कुठेतरी असतात.

२००० मध्ये शेली टेलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणखी एक मुद्दा मांडला. संकटात माणूस लढतो किंवा पळतो, एवढंच तोवर सांगितलं जाई. पण बायका पुष्कळदा आपल्या माणसांना जपतात आणि सोबत शोधतात, असं त्या म्हणाल्या.

सासूबाईंना मुका मार होता, हाड शाबूत. पण मी एक धडा घेतला. आरडाओरडा करणारीलाच काळजी असते, असं नाही. गप्प बसलेलीच्या छातीतही तेवढीच धडधड असते. आता अशा वेळी मी आधी विचारते, "बोलायचंय, की नुसती शेजारी बसू?"

त्या दिवशी गाडी लागेपर्यंत मी नुसती शेजारी बसले. तिने माझा हात धरला आणि गंमत म्हणजे माझ्याही चकरा थांबल्या.