कन्सोलचा मेनू पारखायचा कसा?

नव्वदच्या दशकात अमरावती-अकोल्याच्या घरांत टीव्हीला जोडायचा जो व्हिडिओ गेम असे, त्याच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं काहीतरी छापलेलं असायचं. कॅसेट खोचली की गेमची यादी उघडायची. खूण वर-खाली न्यायची, ‘स्टार्ट’ दाबायचं, गेम सुरू. हे कोणी कोणाला शिकवल्याचं आठवत नाही. त्या मेनूचा दोष वेगळाच होता. लाखोंच्या यादीत मोजकेच गेम फिरून फिरून येत, कधी दुसऱ्या नावाने, कधी मधल्याच पातळीपासून. मेनू वापरायला सोपा होता, पण खोटं बोलत होता.

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीला आला. त्याच्या मेनूत गेमबरोबर दुकान आहे, मित्रांची यादी आहे, डाउनलोड, साठवणुकीची जागा, मुलांच्या खेळण्याच्या वेळेवर पालकांचा ताबा, असं बरंच काही आहे. कामं वाढली, पण हातात अजूनही चार दिशांचं बटणच आहे. असा मेनू चांगला की वाईट, हे त्याच्या देखण्या चित्रांवरून ठरत नाही. रोज खेळणाऱ्याच्या मतावरूनही ठरत नाही, कारण त्याच्या बोटांना वाटा पाठ झालेल्या असतात. ते ठरतं नवख्या माणसाला नेमून दिलेलं काम जमतं का, किती वेळात जमतं आणि तो कुठे अडतो यावरून. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही तपासणी घरच्या बैठकीतच करता येते. तिची रीत अशी.

आधी मोजमाप ठरवा

उपयोगसुलभतेची आंतरराष्ट्रीय व्याख्या आयएसओ ९२४१-११ या मानकात आहे. हे मानक १९९८ साली निघालं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. त्यात तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: काम पूर्ण झालं का, त्याला किती वेळ आणि श्रम लागले, आणि करणाऱ्याला समाधान वाटलं का. पण ही मोजणी हवेत करायची नसते. कोणता माणूस, कोणतं काम आणि कोणती परिस्थिती, हे आधी लिहून काढावं लागतं.

वऱ्हाडातली परिस्थिती लिहायची तर ती साधारण अशी असेल: ४३ इंची टीव्ही, सोफा तीन मीटरवर, मे महिन्यात बाजूला घरघरणारा कूलर, मधूनच जाणारी वीज. खेळणारा बहुधा मोबाइलवर बीजीएमआयसारखा गेम खेळून आलेला, म्हणजे पडद्याला बोट लावायची सवय झालेला. कंट्रोलर मात्र पहिल्यांदा हातात धरणारा.

पहिली फेरी: नियम लावून पाहणं

१९९० मध्ये जेकब निल्सन आणि रॉल्फ मोलिक यांनी एक स्वस्त पद्धत मांडली. काही ठरीव नियम हातात घेऊन तीन ते पाच जणांनी स्वतंत्रपणे मेनू तपासायचा आणि मग सगळ्यांच्या याद्या एकत्र करायच्या. निल्सन यांनी १९९४ मध्ये हे नियम दहावर आणून बसवले. कन्सोलच्या मेनूला त्यांतले तीन फार उपयोगी पडतात.

पहिला नियम सातत्याचा. प्लेस्टेशन ४ मध्ये मधलं पीएस बटण एकदा दाबलं की मुख्य पडदा येई आणि धरून ठेवलं की छोटा मेनू. प्लेस्टेशन ५ मध्ये हे उलटं झालं: एकदा दाबलं की खाली कंट्रोल सेंटरची ओळ उघडते आणि धरून ठेवलं की मुख्य पडदा येतो. जुना खेळाडू इथे हमखास चुकतो. नवख्याला काहीच वाटत नाही, कारण त्याला मोडायला जुनी सवयच नसते. गोल आणि फुलीच्या बटणांचंही असंच. जपानमध्ये पूर्वी गोल म्हणजे ‘हो’ होतं, आपल्याकडे फुली म्हणजे ‘हो’. प्लेस्टेशन ५ पासून जपानमध्येही फुलीच ‘हो’ झाली.

दुसरा नियम असा की यंत्राने आपली अवस्था दाखवत राहावी. प्लेस्टेशन ५ नवा असताना काही गेमच्या प्लेस्टेशन ४ आणि ५ अशा दोन्ही आवृत्त्या एकाच यंत्रावर चालत, आणि अनेकांनी नकळत जुनीच आवृत्ती खेळली. यंत्राच्या प्रणालीच्या सप्टेंबर २०२१ च्या अद्ययावत आवृत्तीत हा फरक अधिक स्पष्ट दाखवला गेला. कन्सोलने कुठलीही चूक दाखवली नव्हती, तरी माणूस फसला होता. असे दोष नियम लावल्याशिवाय नजरेला येत नाहीत.

तिसरा नियम चुकीतून परत येण्याचा. गेम पुसताना त्यात जतन केलेली आपली प्रगतीही जाईल का, ही भीती प्रत्येकाला असते. प्लेस्टेशन ५ वर गेम पुसला तरी जतन केलेली माहिती वेगळी राहते. पण पुसण्याच्या पडद्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते तिथेच कळतं का? कळत नसेल तर तो पुसणारच नाही, आणि नव्या गेमला जागा होणार नाही. मूळ प्लेस्टेशन ५ च्या ८२५ जीबीपैकी वापरायला सुमारे ६६७ जीबीच मिळतात, आणि मोठे गेम शंभर-शंभर जीबी खातात. त्यामुळे हा प्रसंग लवकरच येतो.

अंतर आणि बोटांचे श्रम

मोबाइलवर बोट थेट चित्रावर पडतं. कन्सोलवर उजळलेली चौकट एकेक घर सरकवत न्यावी लागते. म्हणून इथे श्रम मोजायचं साधं माप म्हणजे बटण किती वेळा दाबलं.

वायफायचा परवलीचा शब्द टाइप करून पाहा. इंग्रजी टंकपट्टीवर चौकट ‘ए’ वर आहे आणि ‘ए-के-ओ-एल-ए’ म्हणजे अकोला लिहायचं आहे. ‘के’ पर्यंत ७ सरकवण्या, ‘ओ’ पर्यंत २, ‘एल’ पर्यंत १ आणि परत ‘ए’ वर ८. झाल्या १८. अक्षर निवडायला प्रत्येकी एक म्हणून आणखी ५, एकूण २३. तसंच ‘ए-एम-आर-ए-व्ही-ए-टी-आय’ साठी ३२ सरकवण्या आणि ८ निवडी, एकूण ४०. चौकट एका कडेवरून थेट दुसऱ्या कडेला उडी मारू शकत असेल तर हा आकडा घटतो. मेनू करणाऱ्याने माणसाच्या बोटांचा विचार केला का, ते अशा लहान सोयींत दिसतं.

टंकलेखनाचा इतका विचार आपल्याकडेही झाला आहे. मुंबईच्या आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागाने अँड्रॉइडसाठी केलेल्या ‘स्वरचक्र’मध्ये व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती स्वरांचं चक्र उघडतं, आणि बाराखडीच्या ओळखीवर मराठी लिहिता येतं. कन्सोलच्या भाषायादीत मात्र मराठी नाही. त्यामुळे इंग्रजी वाचता न येणाऱ्या आजीसाठी चिन्हं किती बोलकी आहेत, हे वेगळं तपासावं लागतं.

अक्षराचा आकारही मोजता येतो. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३५ मिलिमीटर असते. १०८० ओळींनी भागलं की एका पिक्सेलला जवळजवळ अर्धा मिलिमीटर येतो. एक्सबॉक्सच्या सुगम्यता मार्गदर्शक सूचनांत कन्सोलसाठी अशा पडद्यावर निदान २६ पिक्सेलचं अक्षर सुचवलं आहे, म्हणजे इथे सुमारे १३ मिलिमीटर. मोजपट्टी टीव्हीला लावा, मग सोफ्यावर बसून सगळ्यात बारीक सूचना वाचून पाहा.

दुसरी फेरी: माणसं बसवा

नियम लावून शंका सापडतात. त्या खऱ्या का, हे माणूसच सांगतो. किती माणसं लागतात? निल्सन आणि टॉमस लँडॉवर यांच्या १९९३ च्या गणितानुसार एका माणसाला सरासरी ३१ टक्के दोष भेटतात. म्हणजे एक दोष पाचही जणांच्या नजरेतून सुटण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, सुमारे १६ टक्के. पाच जणांत साधारण ८४ टक्के दोष हाती लागतात. मात्र हे पाच एकाच जातीचे वापरकर्ते हवेत. मोबाइलवर खेळणारे पाच आणि कधीच गेम न खेळलेले पाच, असे दोन गट वेगळे ठेवावेत.

कामं सहा-सात पुरेत: यंत्र सुरू करून आपलं नाव निवडणं, सांगितलेला गेम लावणं, मधूनच मुख्य पडद्यावर येणं, माइक बंद करणं, वायफाय जोडणं, जागा करणं, यंत्र नीट बंद करणं. काम सांगताना मेनूतले शब्द वापरू नयेत. ‘सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघडा’ म्हटलं की उत्तरच सांगून झालं. ‘नव्या गेमले जागा नाई उरली, जागा करून दे’ असं सांगावं. स्वयंपाकघरात आलेल्या पाहुण्याला साखरेचा डबा स्वतः सापडतो का हे पाहायचं असेल, तर ‘वरच्या फळीवर डावीकडे’ असं आधी सांगून चालत नाही.

समोरच्याला मनातलं बोलत राहायला सांगा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे टिपा. ‘आता वापस कसं याव?’, ‘थो गेम कुठी गेला?’, ‘हे काहून असं झालं?’ या वाक्यांना प्रमाण मराठीचा इस्त्रीचा हात फिरवू नका. पहिलं वाक्य मागे जाण्याची वाट दिसत नसल्याचं सांगतं, दुसरं यंत्राची अवस्था न कळल्याचं, तिसरं कारण न सांगता काहीतरी घडल्याचं. तीन वाक्यांत तीन वेगळे दोष आहेत.

तपासणाऱ्याचं सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. ‘हे दाबू का?’ असं विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच म्हणावं. परवानगी घेऊन मोबाइलने पडदा आणि हात चित्रित करावेत, लहान मुलांसाठी आईवडिलांची परवानगी घ्यावी. प्रत्येकासाठी यंत्र त्याच सुरुवातीच्या पडद्यावर आणून ठेवावं. स्वतः सर्वांत जवळच्या वाटेने काम करून बटणाचे दाब आधी मोजून ठेवावेत. ६ दाबांच्या कामाला कोणाला १५ लागले, तर अडीचपट श्रम झाले.

वीज आणि ऊन

आपल्याकडे एक काम यादीत हवंच: बंद करणं. प्लेस्टेशन ५ चं यंत्रावरचं बटण नुसतं दाबलं तर ते रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, जातं आणि नारिंगी दिवा लागतो. पूर्ण बंद करायला ते दुसरा ‘बीप’ येईपर्यंत धरावं लागतं, किंवा कंट्रोल सेंटरमधल्या पॉवरच्या चिन्हावरून तसा पर्याय निवडावा लागतो. घरातलं कोणी पडदा काळा बघून भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतं, तेव्हा यंत्र अजून जागंच असतं. पुढच्या वेळी ते नीट बंद न केल्याची तक्रार करतं आणि कधी साठवणूक तपासत बसतं. हा संदेश दाखवून ‘आता काय कराल?’ विचारा. वीज मुद्दाम तोडू नका, ती जाण्याची वाट पाहायला वऱ्हाडात फार वेळ लागत नाही.

कूलर सुरू ठेवूनही एक फेरी घ्या. फक्त आवाजातून मिळणारी सूचना, जसा तो दुसरा ‘बीप’, कूलरच्या घरघरीत ऐकू येते का? या यंत्रासाठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंशांत असावं असं उत्पादकच सांगतो, आणि अकोल्यात मे महिन्यात पारा ४२-४४ च्या पुढे जातो. यंत्र तापल्याचा इशारा आला तर तो पुढे काय करायचं हेही सांगतो की नुसता घाबरवतो, हे पाहा.

आकडे मांडणं

समाधान मोजायला जॉन ब्रूक यांची १९८६ सालची एसयूएस प्रश्नावली सोयीची आहे. दहा वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम वाक्यांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम वाक्यांचे गुण ५ मधून वजा करायचे, बेरजेला २.५ ने गुणायचं. समजा विषम वाक्यांना ४, ४, ३, ४, ३ मिळाले, तर १३. सम वाक्यांना २, ३, २, २, ३ मिळाले, तर तेही १३. एकूण २६, गुणिले २.५ म्हणजे ६५. हे टक्के नव्हेत. अनेक अभ्यासांतली सरासरी सुमारे ६८ असल्याने हा मेनू सरासरीच्या किंचित खाली आहे. पाच जणांच्या गुणांवरून मोठा निष्कर्ष काढू नये. दोन मेनूंची तुलना करायला किंवा सुधारणेआधी आणि नंतरचा फरक पाहायला ते उपयोगी पडतात.

शेवटी प्रत्येक दोषाला ० ते ४ अशी तीव्रता द्या. तो किती जणांना अडला, अडल्यावर किती नुकसान झालं आणि एकदा कळल्यावर पुन्हा अडतो का, या तीन प्रश्नांवर ती ठरते. उलटं झालेलं पीएस बटण जुन्या खेळाडूला थोडे दिवस त्रास देतं, म्हणून २. चालू यंत्र बंद समजून त्याची वीज तोडली जाणं, तेही घरातल्या प्रत्येकाकडून, हे ४.

अहवाल छोटा ठेवा: सर्वांत तीव्र तीन दोष, प्रत्येकाखाली माणसाचं मूळ वाक्य आणि एक सुचवलेली दुरुस्ती. कन्सोल विकत घेणाऱ्यांनीही दुकानात हाच प्रयोग छोट्या प्रमाणात करावा. कंट्रोलर घरातल्या सगळ्यात कमी खेळणाऱ्याच्या हातात द्यावा आणि गेम लावणं, मधून बाहेर येणं, नीट बंद करणं ही तीन कामं सांगून गप्प उभं राहावं. आणि अहवाल लिहिताना ‘लोकांना जमलं नाही’ असं वाक्य आलं, तर ते खोडून मेनूने काय दाखवलं नाही ते लिहावं. दुरुस्ती मेनूत करता येते, माणसांत नाही.