क्रिप्टो वॉलेटची चोरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रिप्टो चलनाच्या वॉलेटमध्ये नाणी साठवलेली असतात, असे बहुतेक धारक धरून चालतात, आणि चोरीविषयीचे बाकीचे बरेच गैरसमज याच एका समजुतीतून निघतात. वस्तुतः बिटकॉइन किंवा इथर यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवल्या जाणाऱ्या सार्वजनिक खातेवहीत असते. वॉलेट म्हणवल्या जाणाऱ्या अ‍ॅपमध्ये किंवा उपकरणात असते ती केवळ खासगी किल्ली, म्हणजे एखाद्या पत्त्यावरील रक्कम हलवण्याचा आदेश खरा असल्याचे सिद्ध करणारी गुप्त संख्या. या संख्येच्या आधारे आदेशावर जी गणिती खूण उमटते, तिला डिजिटल स्वाक्षरी म्हणतात. खातेवही फक्त ही स्वाक्षरी तपासते. ती मालकाने केली की चोराने, राजीखुशीने केली की फसून, हे ओळखण्याची सोय तिच्यात मुळातच नाही. त्यामुळे ‘ब्लॉकचेन फोडता येत नाही, तेव्हा पैसे सुरक्षित आहेत’ या विधानाने धारकाचे समाधान होता कामा नये, कारण चोर खातेवही फोडायला जातच नाही. विश्वासातल्या कंपनीचे, बँकेचे किंवा ओळखीच्या माणसाचे सोंग घेऊन तो धारकाकडूनच किल्ली काढून घेतो किंवा स्वाक्षरी करवून घेतो, आणि या सोंगालाच फिशिंग म्हणतात.

असली चोरी मुंबई-पुण्यातील बड्या गुंतवणूकदारांकडेच होते, किनाऱ्यावरच्या गावातील लहान रकमेच्या वाट्याला कोणी जात नाही, हाही समज तितकाच घट्ट आहे. अलिबाग-मुरूड रस्त्यावरचे, मुरूड तालुक्यातील काशीद हे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. पर्यटनावर चालणाऱ्या अशा गावात घरगुती निवासव्यवस्था, खानावळ किंवा जलक्रीडेचा धंदा करणाऱ्याचा मोबाइल क्रमांक रस्त्यावरच्या फलकावर रंगवलेला असतो आणि इंटरनेटवरील नकाशातही असतो. तो तसा जाहीर असल्याशिवाय खोल्या भरत नाहीत. त्याच क्रमांकावर यूपीआय, बँकखाते आणि क्रिप्टो एक्स्चेंजचे, म्हणजे क्रिप्टो चलनाच्या खरेदी-विक्रीच्या व्यासपीठाचे, खाते चालत असेल, तर फसवणाऱ्याला अर्धी माहिती आयती मिळते. शिवाय या चोऱ्या बहुतांशी संगणकीय प्रणाली करतात: एकच खोटा संदेश हजारोंना जातो, आणि किल्ली हाती लागताच ठरावीक प्रोग्राम त्या पत्त्यावरील शिल्लक, ती कितीही असो, काही क्षणांत उचलतो. रक्कम लहान असल्याने कोणी वगळले जात नाही. एक्स्चेंजच्या खात्यासाठी फलकावर नसलेला वेगळा क्रमांक आणि वेगळा ईमेल ठेवणे हा यावरचा साधा आणि स्वस्त उपाय आहे.

खासगी किल्ली ही फार लांब संख्या असल्याने बहुतेक वॉलेट ती इंग्रजी शब्दांच्या रूपाने, बारा किंवा चोवीस शब्दांत, मालकाच्या हवाली करतात; या शब्दमालिकेला सीड फ्रेज म्हणतात. हे शब्द 2048 शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. या प्रमाणित याद्यांमध्ये मराठीची यादी नाही, म्हणून इंग्रजी स्पेलिंगचा सराव नसलेल्या धारकाला चुकीची भीती वाटते आणि तो शब्द उतरवून घेण्याऐवजी पडद्याचा फोटो काढून मोकळा होतो. ही भीती अनाठायी आहे, कारण इंग्रजी यादीची रचनाच अशी आहे की कोणत्याही शब्दाची पहिली चार अक्षरे तो शब्द निश्चित करायला पुरतात. तेवढी सुवाच्य आणि बरोबर लिहिली तरी भागते. फोटोचा धोका मात्र अगदी खरा आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचे एक घातक सॉफ्टवेअर उघडकीस आणले. ते गूगल आणि अ‍ॅपल या दोघांच्याही अधिकृत दुकानांतील काही अ‍ॅपमध्ये दडलेले होते, फोनमधील छायाचित्रांवरचा मजकूर वाचत होते आणि सीड फ्रेजसारखे काही आढळले की ते चित्र चोराकडे पाठवत होते. यावरून अधिकृत दुकानातून घेतलेले अ‍ॅप आपोआप निर्धोक ठरते, ही समजूतही निकालात निघते. सीड फ्रेज हातानेच उतरवावी, आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत कागद बुरसटतो व शाई पसरते हे लक्षात घेता, मोठ्या रकमेसाठी ती गंजरोधक पोलादी पट्टीवर कोरून दोन वेगळ्या जागी ठेवावी.

ही फ्रेज ज्याच्या हाती, त्याचीच मालकी खातेवही मानते. पुण्यातील एका प्रकरणाने हे फार कडवटपणे दाखवून दिले. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेतील फसवणुकीच्या तपासात 2018 मध्ये पोलिसांना मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांना पुणे पोलिसांनी मार्च 2022 मध्ये अटक केली. तपासादरम्यान हाती आलेल्या वॉलेटमधील क्रिप्टो चलन त्यांनी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. तपासकामासाठीसुद्धा फ्रेज दुसऱ्याच्या नजरेला पडणे ही केवढी गंभीर बाब आहे, हे यातून कळते. मग ‘ग्राहक सेवा केंद्रा’तून बोलतो म्हणणाऱ्याला ती सांगण्याचा प्रश्नच उरत नाही. कोणत्याही प्रामाणिक कंपनीला दुरुस्तीसाठी, पडताळणीसाठी किंवा बक्षीस देण्यासाठी या शब्दांची गरज पडत नाही.

फ्रेज कोणाला दिली नाही म्हणजे चोरी होणार नाही, हा समज याच्याही पुढचा आहे, आणि जाणकार धारक बहुधा इथेच फसतात. इथर ज्यावर चालते त्या इथेरियमसारख्या जाळ्यावर वॉलेटची स्वाक्षरी केवळ पैसे पाठवण्यासाठी वापरली जात नाही. एखाद्या प्रोग्रामला वॉलेटमधील टोकन हलवण्याची परवानगी देण्यासाठीही ती लागते, आणि सोयीसाठी ही परवानगी अनेकदा अमर्याद रकमेची मागितली जाते. खोटे संकेतस्थळ ‘मोफत टोकन घ्या’ किंवा ‘वॉलेटची पडताळणी करा’ असे बटण दाखवते आणि त्यामागे अशी परवानगी मागते. धारकाला त्या क्षणी काहीच गेल्यासारखे दिसत नाही. रक्कम पुढे कधीतरी, त्याला काही न विचारता उचलली जाते. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे काशीदचा खोल्या भाड्याने देणारा माणूस आरक्षणाच्या बहाण्याने येणाऱ्या क्यूआर कोडच्या फसवणुकीमुळे आता ओळखून आहे. तीच सावधगिरी इथे कामी येते, कारण कोणी पैसे पाठवले तर ते मिळण्यासाठी वॉलेटच्या मालकाला स्वाक्षरी करावी लागत नाही, आणि भेट म्हणून मिळणाऱ्या टोकनासाठी आधी परवानगी मागितली जात असेल तर ती परवानगी नेमकी कशाची आहे हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वाचूनही फसगत कशी होते, याचे भारतातील सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतीलच आहे. वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून 18 जुलै 2024 रोजी सुमारे 23 कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांचे क्रिप्टो चलन चोरीला गेले. हे वॉलेट बहुस्वाक्षरी प्रकारचे होते, म्हणजे कोणा एकाच्या स्वाक्षरीने त्यातील रक्कम हलू शकत नव्हती. एकूण सहा स्वाक्षरीकर्त्यांपैकी चौघांची संमती लागत होती, आणि त्या चारांतील एक स्वाक्षरी वॉलेट सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीची असणे आवश्यक होते. वझीरएक्सच्या प्राथमिक निवेदनानुसार पडद्यावर दिसलेला तपशील आणि प्रत्यक्षात ज्यावर स्वाक्षरी झाली तो मजकूर यांत तफावत होती: दिसत होते एक नेहमीचे हस्तांतरण, आणि स्वाक्षऱ्या झाल्या त्या वॉलेटचा ताबाच चोराच्या प्रोग्रामकडे देणाऱ्या आदेशावर. दोष कोणाच्या यंत्रणेत होता यावर दोन्ही कंपन्यांत वाद झाला. जानेवारी 2025 मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या संयुक्त निवेदनात अमेरिका आणि दक्षिण कोरियाने या चोरीचे खापर उत्तर कोरियाच्या हॅकरांवर फोडले. पुढच्याच महिन्यात, 21 फेब्रुवारी 2025 रोजी, बायबिट या परदेशी एक्स्चेंजवरून सुमारे 150 कोटी डॉलरची चोरी झाली आणि तिथेही पडद्यावर एक व स्वाक्षरीत दुसरे, हीच युक्ती होती.

हार्डवेअर वॉलेट घेतले की निश्चिंत, असे मानणाऱ्यांनी या दोन घटना नीट अभ्यासाव्यात. हार्डवेअर वॉलेट म्हणजे खासगी किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारे छोटे उपकरण. ते किल्ली चोरू देत नाही, हे खरेच आहे, आणि मोठ्या रकमेसाठी ते घ्यावेच. मात्र मालकाने स्वतः बटण दाबून चुकीच्या आदेशावर स्वाक्षरी केली, तर ते ती इमानाने करून देते. उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर दिसणारा पत्ता आणि आदेश संगणकावरच्या तपशिलाशी ताडून पाहणे, आणि उपकरण आदेश न उलगडता केवळ अगम्य अंकाक्षरे दाखवत असेल तर स्वाक्षरी नाकारणे, हा त्याच्या वापराचाच भाग आहे. दैनंदिन व्यवहाराचे वॉलेट आणि बचतीचे वॉलेट वेगळे ठेवावे, आणि बचतीचे वॉलेट कोणत्याही संकेतस्थळाला कधीच जोडू नये, म्हणजे एका चुकीच्या स्वाक्षरीने सर्वस्व जात नाही.

पत्त्याची सुरुवात आणि शेवट जुळला की पत्ता बरोबर, हाही सोयीचा पण घातक समज आहे. इथेरियमचा पत्ता सुरुवातीच्या खुणेनंतर चाळीस अंकाक्षरांचा असतो आणि बहुतेक अ‍ॅप मधला भाग गाळून दाखवतात. चोर त्याच टोकांचा दुसरा पत्ता संगणकाकडून शोधून घेतो आणि त्यावरून धारकाच्या वॉलेटला नगण्य रकमेचा व्यवहार पाठवतो, जेणेकरून तो पत्ता मागील व्यवहारांच्या यादीत जाऊन बसावा आणि पुढच्या वेळी घाईत तोच नकलला जावा. मे 2024 मध्ये एका धारकाने अशाच रीतीने सुमारे 6.8 कोटी डॉलर किमतीचे टोकन चुकीच्या पत्त्यावर पाठवले. चोराने ते नंतर बव्हंशी परत केले, पण हा अपवादच होय. पत्ता यादीतून उचलू नये, पूर्ण वाचावा, आणि रक्कम मोठी असेल तर आधी अल्प रक्कम पाठवून ती पोचल्याची खात्री करावी.

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारचे कुलूपचिन्ह एवढेच सांगते की मधल्या वाटेवर संदेश कोणी वाचत नाही. समोरचे संकेतस्थळ चोराचे नाही, असे ते सांगत नाही. शोधयंत्रात सर्वांत वर येणारी जाहिरातही खऱ्या कंपनीचीच असते असे नाही. एसएमएसने येणारा ओटीपी एक्स्चेंजच्या खात्याला काही संरक्षण देतो, परंतु धारकाच्या क्रमांकाचे सिमकार्ड दुसऱ्यानेच काढून घेतले तर तो कोड त्याच्याकडे जातो, म्हणून कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप अधिक बरे. स्वतःच्या ताब्यातील वॉलेटची सीड फ्रेज फुटली असेल, तर मात्र कोणताही ओटीपी मध्ये येत नाही.

एक्स्चेंज ही बँकेसारखीच संस्था आहे, ही समजूत दूर करणे विशेष गरजेचे आहे. बँकेतील ठेवींना प्रति ठेवीदार पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो, आणि अनधिकृत ऑनलाइन व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे रिझर्व्ह बँकेचे 2017 पासूनचे नियम आहेत. क्रिप्टो एक्स्चेंजमधील शिलकीला यांपैकी कोणतेही कवच नाही. वझीरएक्सच्या ग्राहकांना चोरीनंतर आपले क्रिप्टो चलन वर्षभराहून अधिक काळ काढता आले नाही, आणि सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने पुनर्रचना योजना मंजूर केल्यावरच ऑक्टोबर 2025 मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले.

चोरी झाल्यावर गप्प बसण्याचे कारण म्हणून ‘क्रिप्टो बेकायदा आहे, पोलिसांत गेलो तर आपणच अडकू’ असे म्हटले जाते. भारतात क्रिप्टो हे वैध चलन नाही, परंतु ते बाळगणे गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेचे 2018 चे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केले, एप्रिल 2022 पासून त्यावरील नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये ते मालमत्ता असल्याचे म्हटले आहे. तक्रार मागाहून केली तरी चालते, हेही खरे नाही, कारण चोरलेली रक्कम एखाद्या नोंदणीकृत एक्स्चेंजवर पोचली तरच बहुधा ती गोठवण्याची संधी असते आणि ती संधी तासांत मोजावी लागते.

फ्रेज फुटली असेल तर नवे वॉलेट तयार करून उरलेली शिल्लक तिकडे हलवावी; फक्त परवानगी चुकून दिली गेली असेल तर ती रद्द करावी. त्याच वेळी 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर किंवा सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. काशीदच्या रहिवाशाला मुरूडचे पोलीस ठाणे आणि अलिबागचे जिल्हा पोलीस मुख्यालय जवळ आहेत. तिथे जाताना व्यवहाराची ओळख असलेली हॅश नावाची अंकाक्षरांची साखळी, दोन्ही पत्ते, वेळ, खोट्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता आणि संदेशांच्या प्रती छापून न्याव्यात, आणि फोनमधील मूळ संदेश पुसू नयेत. यानंतर ‘गेलेले पैसे सोडवून देतो, आधी शुल्क भरा’ असे सांगणारे फोन येऊ लागतात. ते बहुधा त्याच टोळीचे किंवा तिच्याकडून फसलेल्यांची यादी विकत घेणाऱ्यांचे असतात, आणि त्यांचे क्रमांकही त्याच तक्रारीत नोंदवून घ्यावेत.