दोन किलोचं घर आणि वळवाचं वारं

दोन किलो कांदे पिशवीत भरा आणि पिशवी हातात धरून बघा. फार जड नाही ना? बाजारातून घरापर्यंत एका हातात सहज येते. आता मी तुम्हाला सांगितलं, की एवढ्याच वजनात एक अख्खं घर मावतं, त्याला छप्पर, भिंती आणि दार असतं, आणि आत दोन माणसं पाय पसरून झोपतात, तर पटेल?

असं एक घर पाठीवर घेऊन मी मे महिन्यात लासूर स्टेशनला गेले होते. माझी बहीण तिथे राहते. मनमाडहून गाडी निघाली की अंकाई, नगरसूल, रोटेगाव मागे टाकत लासूर येतं. भाची सहावीत, भाचा चौथीत. सह्याद्रीत हिंडताना मी जो तंबू वापरते, तो बघायचा म्हणून दोघं किती दिवस फोनवर मागे लागले होते. मी पिशवीतून गुंडाळी काढली आणि भाच्याचा चेहराच उतरला. "मावशी, एवढासाच? ही तर उशी आहे!"

मग ती उशी आम्ही काट्यावर ठेवली. १ किलो ९०० ग्रॅम. कांद्याचा मोठा बाजार असलेल्या गावात कांद्यांना काय तोटा? भाचीने तेवढेच कांदे मोजून शेजारी मांडले. लहानमोठे मिळून जेमतेम एक टोपली भरली.

गुंडाळी उलगडल्यावर पातळ कापड निघालं, बारीक दोऱ्या निघाल्या, बोटभर लांबीच्या चकचकीत मेखा निघाल्या आणि तुकड्यातुकड्यांच्या दोन काठ्या निघाल्या. काठी हवेत सोडली की तिचे तुकडे खटाखट एकमेकांत बसतात, कारण आतून रबरी दोरी ओवलेली असते. हा खेळ भाच्याने वीस वेळा तरी केला असेल. काठी करंगळीपेक्षा बारीक, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि आतून पोकळ.

"पोकळ म्हणजे कच्ची," भाची म्हणाली.

तुम्हालाही तसंच वाटतं का? मग एक खोडरबर घ्या. त्याच्या उभ्या बाजूवर पेनने शेजारी शेजारी सरळ उभ्या रेघा मारा आणि तो वाकवा. बाहेरच्या अंगाला रेघा एकमेकींपासून फाकतात, आतल्या अंगाला दाटीवाटी करतात. मधोमध मात्र त्यांच्यातलं अंतर जवळपास होतं तेवढंच राहतं. म्हणजे काठी वाकते तेव्हा सगळा भार तिच्या कडांवर येतो, मधल्या भागाला फारसं काम नसतं. ज्याला काम नाही त्याचं वजन डोंगरावर कशाला वाहायचं? म्हणून मधला भाग काढून टाकतात. गव्हाचं काड बघा. एवढं बारीक आणि पोकळ, तरी भरलेली ओंबी डोक्यावर घेऊन वाऱ्यात डुलत उभं असतं.

पहिल्या दिवशी तंबू आम्ही गच्चीवर लावला आणि तिथेच चुकलो. स्लॅबमध्ये मेख ठोकता येत नाही, म्हणून कोपऱ्यांवर एकेक वीट ठेवली. दुपारी चारच्या सुमाराला वावटळ आली. विटा बाजूला घसरल्या, तंबू पतंगासारखा उचलला गेला आणि कोलांट्या खात कठड्याला जाऊन अडकला. आम्ही तिघांनी धावत जाऊन धरला नसता तर तो थेट रुळांकडे गेला असता. काठी मोडली नव्हती, कापडही फाटलं नव्हतं. तंबू शाबूत होता. फक्त त्याला धरून ठेवणारं कोणी नव्हतं.

इथे थोडं गणित करू. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा एक मीटर लांब आणि एक मीटर उंच अशा उभ्या फळीवर साधारण ६ किलोचा रेटा देतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, तर रेटा किती? १२ किलो असं म्हणाल तर चुकाल. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, २४ किलो. तंबूची एक बाजू अशा दोन फळ्यांएवढी धरली तर झाले ४८ किलो. भरलेली कांद्याची गोणी कोणीतरी तुमच्या अंगावर आडवी ढकलतोय असं समजा! तंबू गोलाकार असल्यामुळे बराच वारा त्याच्या पाठीवरून निसटून जातो आणि खरा रेटा कमी भरतो. पण घर दोन किलोचं, हे विसरू नका. स्वतःच्या वजनावर ते उभं राहणं शक्यच नाही. तो रेटा कोणाच्या तरी हवाली करावा लागतो, आणि तो घेणारी एकच आहे, जमीन.

संध्याकाळी भाचरांच्या आबांना सगळा प्रकार कळला. "गच्चीवर कुठं पाल ठोकत असतेत का?" ते म्हणाले. "उद्या रानात चला."

पाल हा शब्द मला फार आवडतो. गावोगाव फिरून पोट भरणारी माणसं गावाबाहेर उतरतात आणि पालं ठोकतात. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा वाटेवर मुक्कामाला राहुट्या लागतात. मराठ्यांच्या फौजांच्या छावण्याही राहुट्यांच्याच असत. तंबू बांधून ठेवणाऱ्या दोरीला तणावा म्हणतात, आडोशाच्या कापडी भिंतीला कनात. हे शब्द घडवणाऱ्या माणसांनी कितीतरी पावसाळे कापडाखाली काढले असणार.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो. वस्ती म्हणजे शेतातलं घर, सिमेंटचं, पक्कं. आबांनी माझी मेख दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली. "एवढ्या काडीनं काय धरायचं? पण धरील. जागा नीट पाहिजे."

आणि ते जागा शोधत निघाले. पहिली जागा काळ्या मातीची. मे महिन्यात काळी माती भेगाळलेली असते. काही भेगा एवढ्या रुंद, की भाच्याचा अख्खा पंजा आत गेला. मेख भेगेत पडली तर धरत नाही आणि दोन भेगांच्या मधलं ढेकूळ दगडासारखं टणक, त्यात ती शिरत नाही. बरं, पाऊस आला की हीच माती पाणी पिऊन फुगते, तिचा लोण्यासारखा चिखल होतो आणि मेख अलगद सुटून येते. म्हणजे काळी माती कापसाला चांगली, मेखेला नाही. आबांनी थोडं चढावर बांधाजवळची मुरमाड जागा दाखवली. मुरमाचे खडे एकमेकांत अडकून बसतात आणि मेखेला चारी बाजूंनी आवळून धरतात. पाणीही तिथे साचत नाही.

भाच्याने उत्साहाने पहिली मेख सरळ उभी ठोकली. आबांनी ती उपटली. "अशी नाही बाळा. बैलाचा खुंटा बघितला का? बैल इकडं ओढतोय ना, मग डोकं त्याच्या उलट्या अंगाला झुकवायचं."

अगदी तेच! मेखेचं टोक तंबूच्या बाजूला आणि डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. मग तणावा तिला जवळजवळ काटकोनात ओढतो. ती वर निसटायचं म्हणते, तर पुढची सगळी माती तिला अडवते. तणावा जितका लांब आणि आडवा, तितकं मेख उपटणं वाऱ्याला अवघड.

बर्फात तर मेख कशालाच धरत नाही. तिथे गिर्यारोहक पिशवीत बर्फ भरतात, तिला तणावा बांधतात, ती खड्ड्यात पुरतात आणि वरून बर्फ तुडवून घट्ट करतात. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे ८ जण २०१२ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्या वाटेवरचा शेवटचा तळ ७,९०० मीटरच्या आसपास एका उघड्या खिंडीत असतो. तिथे रात्री माणसाच्या आणि त्या वाऱ्याच्या मध्ये फक्त कापड असतं. मला हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

आबांनी वाऱ्याची दिशा सांगितली, "वारं मावळतीकडून येतंय." मग आम्ही तंबूची निमुळती बाजू मावळतीला केली आणि दार उगवतीला.

साडेपाचला आभाळ भरून आलं. लांब कुठेतरी गडगडलं आणि मी दोघांना हाताला धरून वस्तीच्या घरात घेऊन गेले. मुलांनो, हे मी अगदी कळकळीने सांगते. तंबू वारा अडवतो, पाऊस अडवतो, वीज अडवत नाही. मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचं, झाडाखाली थांबायचं नाही, तंबूत तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत बाहेर पडायचं नाही.

आम्ही खिडकीतून बघत होतो. पहिला झोत धुळीचा आला. तंबूची मावळतीची बाजू पोपल्या गालासारखी आत गेली, काठ्या लवल्या, अख्खा घुमट उगवतीला झुकला. "गेला!" भाचा ओरडला. झोत ओसरला आणि तंबू परत ताठ! पुन्हा झोत, पुन्हा लवला, पुन्हा उठला. त्याच वेळी गोठ्याच्या छपराचा एक पत्रा धडाधड आपटायला लागला. पत्र्याला लवता येत नाही. वारा खालून शिरला की सगळा जोर त्याच्या खिळ्यांवर येतो आणि खिळे एकेक करून ढिले होतात. तंबूच्या काठ्या धनुष्यासारख्या वाकतात, झोताचा हिसका थोडा थोडा पोटात घेतात आणि उरलेला तणाव्यांतून जमिनीला देतात. पण कापड ढिलं असेल तर हे जमत नाही. ढिलं कापड फडफडतं आणि प्रत्येक फडफडीचा मेखेला एक झटका बसतो. असे हजार झटके बसले की मेख हलायला लागते.

मग पाऊस. टपोऱ्या थेंबांबरोबर हरभऱ्याएवढ्या गाराही आल्या. पत्र्यावर त्या ताडताड वाजत होत्या, तंबूवर पडून नुसत्या उसळत होत्या. कापड झोळीसारखं दबतं आणि गार परत फेकतं. लिंबाएवढ्या गारा असत्या तर मात्र फाटलं असतं.

कापड किती बारीक धाग्याचं आहे सांगू? असा ९ किलोमीटर लांब धागा घेतला, म्हणजे दोन तास चालत राहाल एवढा लांब, तरी त्याचं वजन फक्त २० ग्रॅम भरेल. धागा केसाहून बारीक, नायलॉनचा. नीट पाहिलं तर कापडावर चौकटीच्या वहीसारखे छोटे चौकोन दिसतात. चौकोनाच्या रेघेवर जाड धागा विणलेला असतो. काट्याने भोक पडलं तर चीर पसरत पसरत त्या जाड धाग्यापाशी येते आणि थबकते.

पाणी आत येऊ नये म्हणून कापडावर लेप असतो. तो मोजायची रीतही मजेची आहे. कापडावर उभी नळी धरून पाणी भरत जायचं आणि किती उंचीला ते खालून पाझरतं ते बघायचं. १,५०० मिलिमीटरचं कापड म्हणजे दीड मीटर, जवळजवळ माझ्या भाचीएवढा उंच पाण्याचा स्तंभ पेलणारं. पावसाच्या थेंबांना ते पुरून उरतं. तळाचं कापड मात्र जास्त पक्कं लागतं, कारण ओल्या जमिनीवर तुम्ही गुडघा टेकलात की गुडघ्याखालचं पाणी थेंबापेक्षा कितीतरी जोराने वर घुसतं.

जुन्या राहुट्या सुती असत, त्यांना लेप कुठला? सुताचा धागा भिजला की फुगतो आणि विणीची भोकं बुजतात. पण भिजलेल्या सुती कापडाला आतून बोट लावलं की पाणी तिथे गोळा होतं आणि ठिबकायला लागतं.

आठपर्यंत आभाळ मोकळं झालं, चांदण्या निघाल्या. शेवटचा गडगडाट होऊन तासभर उलटला होता. आम्ही विजेरी घेऊन गेलो. आत कोरडं! कापड तेवढं लोंबलं होतं, कारण नायलॉन भिजलं की सैल पडतं. भाचीने सगळे तणावे पुन्हा ओढून घेतले आणि आम्ही तिघं दाटीवाटीने आत झोपलो.

पहाटे भाच्याने मला हलवलं. "मावशी, गळतोय!" बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब लटकले होते. "हे आभाळातलं नाही, तुमच्या पोटातलं," मी म्हटलं. रात्रभरात प्रत्येकाच्या श्वासातून पेलाभर तरी पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. कापड गार झालं की ती वाफ त्यावर थेंब होऊन बसते. तंबूला आत जाळी आणि बाहेर कापड असे दोन पदर असतात ते याचसाठी. थेंब बाहेरच्या पदरावरून घरंगळून जमिनीत जातात, अंगावर पडत नाहीत.

"आता दिवसभर इथेच राहू दे ना," दोघं म्हणाली. पण आठ वाजता मी तंबू उतरवला. वाऱ्यापावसातून तगलेलं हे कापड उन्हापुढे हळूहळू हरतं. उन्हातले अतिनील किरण नायलॉनच्या लांबच लांब साखळ्या तोडत जातात. पत्र्यावर वर्षभर पडलेली प्लास्टिकची ताडपत्री तुम्ही पाहिली असेलच. हात लावला की पापडासारखी तुटते.

उतरवताना उताराच्या बाजूची एक मेख सापडली, ती अर्धी वर आली होती. तिथे मुरूम संपून काळी माती सुरू होत होती. भाचा ती बराच वेळ निरखत बसला.

संध्याकाळी तंबू पुन्हा लागला तेव्हा सगळ्या मेखा त्यानेच ठोकल्या, दगडाने, डोकी बाहेर झुकवून. ती एक मेख त्याने हातभर अलीकडे मुरमात घेतली. आबा आले, खाली बसले आणि बैलाच्या दाव्याला द्यावा तसा तणाव्याला एक जोराचा हिसका दिला. मेख जागची हलली नाही. आबा उठले आणि पुढच्या मेखेकडे गेले. भाचा त्यांच्या मागोमाग.