दाढदुखीवर नुसती गोळी? उशीर केला तर संसर्ग गळ्यापर्यंत कसा पोहोचतो, जाणून घ्या

नांदेड/लातूर : सोयाबीनच्या काढणीत दाढ दुखली, की मेडिकलवरून गोळी आणायची आणि दवाखाना पुढे ढकलायचा, हे गावोगावी दिसते. गोळीने ठणका थांबतो, पण आतला पू तसाच राहतो. उपचार किती सोपे आणि बरे होणे किती लवकर, हे याच दिवसांत ठरते.

पू गळ्यात कसा उतरतो?
खालच्या शेवटच्या दाढांची मुळे खोलवर असतात. तिथला पू हाडातून बाहेर पडला, की जबड्याखाली साचतो. सूज दोन्ही बाजूंना पसरली, तर जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडतो. याला 'लुडविग्ज अँजायना' म्हणतात. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये त्याचे वर्णन केले. अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत.

उशिराने काय बदलते?
* सुरुवातीला : रूट कॅनाल किंवा दाढ काढून काम भागते.
* पू साचल्यावर : औषध पुवात नीट पोहोचत नाही. चीर देऊन पू काढावा लागतो.
* श्वास अडल्यावर : गळ्याला छिद्र पाडून नळी, आयसीयू. पू छातीत उतरला तर जिवावर बेतते. वाचलेल्यांनाही बरे व्हायला आठवडे लागू शकतात.

२०२१ चा धडा
कोरोनानंतरच्या म्युकरमायकोसिसमध्येही उशीर महागात पडला. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद करते, त्यामुळे मेलेल्या भागात औषध जात नाही. अनेकांचा जबडा किंवा डोळा काढावा लागला. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. दोन्ही आजारांत अनियंत्रित मधुमेह धोका वाढवतो.

कधी थांबू नये?
तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली किंवा गळ्याला कडक सूज, ताप, आवाजात बदल, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. श्वासाला त्रास होत असेल तर लगेच १०८ ला फोन करा. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. किनवट-माहूरहून नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर आहे. त्यामुळे तिथल्या रुग्णाने श्वास अडण्याची वाट न पाहता, सूज दिसताच निघायला हवे.