आधी संगणकावर पाडा, मग शेतावर उडवा

रिमोटवर उडणारे विमान म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचे खेळणे, अशी आपल्या कारागीर बांधवांची समजूत आहे. ती आता बदलावी लागेल. त्या खेळण्याचेच भावंड आज कपाशी, तूर आणि सोयाबीनवर औषध फवारते व लग्नाच्या मांडवावरून चित्रीकरण करते. कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावात मोटर बांधणारा, फवारणीचा पंप दुरुस्त करणारा किंवा फोटो स्टुडिओ चालविणारा मनुष्य या धंद्यापासून फार दूर नाही. अडचण यंत्राची नसून ते उडवायला शिकण्याची आहे. शिकताना यंत्र जमिनीवर आदळते आणि एका आदळण्यात भांडवल जाते. त्यावर एक स्वस्त तोड आहे, तिची माहिती आम्ही आज देत आहोत.

ही तोड म्हणजे सिम्युलेटर. संगणकाच्या पडद्यावर मैदान दिसते, त्यावर विमान उभे असते आणि हातातला रिमोट वायरने संगणकाला जोडलेला असतो. दांडी हलविली की पडद्यावरचे विमान हलते. वाऱ्याचा जोर, विमानाचे वजन, पंखाची बनावट यांचा हिशेब संगणक सेकंदाला अनेक वेळा करतो, म्हणून चूक झाली की पडद्यावरचे विमानही खऱ्यासारखेच कोसळते. फरक इतकाच की एक बटन दाबले की ते पुन्हा धावपट्टीवर उभे राहते. बिल येत नाही.

ही कल्पना संगणकाच्या फार आधीची असून ती एका कारागिराच्या घरात जन्मली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी लिंक नावाचे कुटुंब पियानो आणि ऑर्गन बनवीत असे. त्यातील एडविन लिंक याला विमान चालविण्याचा नाद होता, पण शिकवणीचा खर्च भारी. त्याने 1929 च्या सुमारास बापाच्या कारखान्यातील भाते आणि हवेचे पंप घेऊन जमिनीवरच डोलणारे विमान तयार केले. पुष्कळ दिवस लोकांनी त्याला जत्रेतला पाळणाच समजले. पुढे 1934 मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल नेण्याचे काम आले, खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने त्याच्याकडून 6 यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या यंत्रावर तयार झाले. भाता कोठला आणि विमान कोठले! पण हाताला कसब असेल तर एका धंद्याचे सामान दुसऱ्या धंद्यात चालते, हे आमच्या लोहार-सुतार बांधवांना सांगायला नको.

आणि उतरण्याचे महत्त्व आपल्याला अब्बास इब्न फिरनास यांच्यापासून ठाऊक असायला हवे. नवव्या शतकात कुर्तुबा येथे या विद्वानाने पंख बांधून झेप घेतली. ते काही अंतर तरंगले, पण उतरताना पाठीला मार लागला. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो, त्यांनी शेपूट लावली नव्हती, असे कारण इतिहासकार अल-मक्करी यांनी नोंदविले आहे. आजही नवशिक्याचे विमान मोडते ते बहुधा उतरतानाच.

आता शिकण्यातली खरी गोम. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर सारे सोपे असते. डावीकडे दांडी, डावीकडे विमान. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की सर्व उलटे दिसते, कारण विमानाची डावी बाजू आता आपल्या उजव्या हाताला असते. डोके म्हणते एक, हात करतो दुसरे, आणि दोन सेकंदांत माल मातीत. यावर जुन्या शौकिनांची एक युक्ती आहे. विमान समोरून येत असता जो पंख खाली झुकला असेल, त्याला टेकू द्यावा तशी दांडी त्याच बाजूला न्यावी. विमान सरळ होते. हे वाचून कळते, पण हाताला कळायला शेकडो वेळा करावे लागते. शेकडो वेळा खरे विमान पाडणे कोणाला परवडेल?

म्हणून रोज वीस मिनिटे पडद्यावर बसावे. रविवारी एकदम चार तास बसून भागत नाही, हाताची सवय थोडी थोडी मुरते. चार पंख्यांचे यंत्र शिकायचे असेल तर त्याची पाठ आपल्याकडे ठेवून एका जागी स्थिर धरायला शिकावे. ते जमले की बाजू आपल्याकडे, मग तोंड आपल्याकडे, आणि शेवटी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरविणे. वारा शून्यावर ठेवून सुरुवात करावी व हळूहळू वाढवावा. पुष्कळ मुले पहिल्याच दिवशी कोलांट्या मारू लागतात. तो खेळ झाला. धंद्याला कोलांटी लागत नाही, ठरल्या जागी शांतपणे उतरणे लागते.

खर्चाचे म्हणाल तर संगणक महागडा लागत नाही. जर्मनीत तयार झालेला एफएमएस नावाचा जुना कार्यक्रम फुकट वाटला गेला आणि तो साध्यासुध्या संगणकावरही चालत असे. पिकासिम, सीआरआरसीसिम हेही फुकट मिळणारे. रिअलफ्लाइटसारखे विकतचे अधिक हुबेहूब असतात. मात्र संगणकाच्या कळफलकावर शिकू नये, ते शिक्षण हाताला लागत नाही. पुढे जो रिमोट वापरणार तोच, किंवा त्याच घाटाचा, वायरने जोडावा. आपल्याकडे डावी दांडी वेग व फिरण्याची आणि उजवी दांडी पुढे-मागे व झुकण्याची, ही रचना रूढ आहे. तिला मोड टू म्हणतात. सुरुवातीला एक धरून मग दुसरी करू नये, सवय मोडायला दुप्पट दिवस लागतात.

सिम्युलेटर सर्व काही शिकवीत नाही हेही सांगितले पाहिजे. सपाट पडद्यावर अंतराचा अंदाज खोटा येतो. डोळ्यांवर ऊन येत नाही, छातीत धडधडत नाही. महावितरणची तार, विहिरीचा कठडा, बांधावर बसलेला मजूर यांची भीती पडद्यावर वाटत नाही. म्हणून पडद्यानंतर एकदम फवारणी यंत्र हाती न घेता मध्ये एक स्वस्त विमान असावे. दुकानांच्या पाट्यांना लागणारा पोकळ प्लास्टिकचा पत्रा किंवा थर्मोकोल कापून, चिकटपट्टी लावून असे विमान घरीच होते. मोडले तर संध्याकाळी पुन्हा जोडता येते. आमच्या पेंटर आणि सुतार बांधवांना तर हे काम बसल्या बैठकीचे.

फवारणीचे यंत्र उपग्रहाच्या आधारे स्वतःच सरळ ओळीत जाते, मग हाताने शिकायचे कशाला, असा प्रश्न येतो. उत्तर असे की उपग्रहाचा संकेत किंवा होकायंत्र बिघडले की यंत्र वाऱ्याबरोबर वाहू लागते आणि त्या क्षणी माणसाच्या बोटांनीच ते परत आणावे लागते. औषधाने भरलेली दहा लिटरची टाकी आणि सहा फिरती पाती माणसांच्या दिशेने वाहणे म्हणजे काय, याची कल्पना करावी.

औषधाचा विषय निघाला म्हणून सांगतो. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान 20 शेतकरी व मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. डोक्याएवढ्या पिकात पाठीवर पंप घेऊन शिरणारा मजूर ते औषध स्वतःच्या श्वासात घेतो. यंत्र वरून फवारते आणि चालविणारा बांधावर उभा असतो. आमच्या मते या धंद्याचा खरा फायदा हा आहे, एकरी दर नंतर पाहावा. तरीही औषध कालविणाऱ्याने हातमोजे व तोंडावर मास्क घातलाच पाहिजे. यंत्र आले म्हणून विष कमी होत नाही.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. 25 ऑगस्ट 2021 रोजी ड्रोन नियम लागू झाले. त्यानुसार 250 ग्रॅमपर्यंतचे यंत्र उडविण्यास प्रमाणपत्र लागत नाही. 2 किलोपर्यंतचे यंत्र हौसेसाठी असेल तर लागत नाही, पण लग्नाच्या कामाचे पैसे घेतले की ती हौस उरत नाही. फवारणीचे यंत्र तर त्याहून मोठ्या वर्गात येते. उमेदवार 18 ते 65 वयाचा व दहावी उत्तीर्ण असावा. प्रशिक्षण संस्था नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या यादीत आहे की नाही हे फी भरण्यापूर्वी पाहावे. तेथेही आधी सिम्युलेटरवर बसवितात, म्हणून घरी हात बसवून गेलेल्याचे मैदानातले मोजके दिवस वाया जात नाहीत. नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हिरव्या क्षेत्रातही 400 फुटांच्या वर जाऊ नये. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या आसपास यंत्र काढू नये. अमरावतीकडे लग्नाच्या कामाला जाणाऱ्यांनी नकाशा पाहूनच जावे, कारण बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईची विमाने सुरू झाली आहेत.

राहिला भांडवलाचा प्रश्न. फवारणीच्या संचाची किंमत लाखांत आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने महिला बचत गटांसाठी नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली, तीत किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत ठरली. आपल्या भगिनींच्या गटांनी याची चौकशी कृषी कार्यालयात जरूर करावी. पण उरलेल्या रकमेला व्याजाचे कर्ज नको असेल तर मुदारबतचा मार्ग आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरल्या वाट्याने. यात तोटा भांडवलवाल्याचा, परंतु मेहनत करणाऱ्याच्या हलगर्जीने तोटा झाला तर तो त्याच्यावर येतो. आता न शिकताच कोणी यंत्र हवेत नेले आणि पाडले, तर त्याला नशीब म्हणावे की हलगर्जी? आमचे मत दुसऱ्याकडे झुकते. भागीदारीच्या कागदावर सरावाचे किती तास पूर्ण झाल्यावर यंत्र हाती द्यायचे, हे कलम लिहून घ्यावे. निर्णयासाठी जाणकार आलिमांना विचारावे.

दुरुस्तीचा धंदा मात्र बिनभांडवली सुरू होऊ शकतो. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे जोडणी, डाग मारणे, मोटर तपासणे, पाती बदलणे ही कामे देशातच करावी लागतात. मोटर बांधणाऱ्याने लक्षात घ्यावे की या मोटरींना कार्बन ब्रश नसतो आणि तिची तीन तोंडे असतात. त्यातील कोणतीही दोन अदलाबदल केली की ती उलटी फिरते. थ्री फेज मोटर हाताळलेल्याला हे नवे नाही. बॅटरी मात्र जपावी. एका कोशाचा दाब भरल्यावर 4.2 व्होल्ट होतो, तो 3 च्या खाली गेला की बॅटरी बाद होते. फुगलेली बॅटरी चार्ज केली तर पेट घेते, म्हणून चार्जिंग चालू ठेवून झोपू नये आणि विदर्भाच्या मे महिन्यात ती बंद गाडीत विसरू नये.