स्पीकर घेताना डब्यावरचे वॅट नको, शेवटचा बाक बघा

कॉम्प्युटर क्लास असो, टॅलीची बॅच असो, नाहीतर घरच्या हॉलमधली शिवणकामाची शिकवणी. व्हिडिओ लावला की लॅपटॉपचा आवाज पहिल्या दोन रांगांच्या पुढे जात नाही. मग आपण दुकानात जातो आणि "जरा मोठ्या आवाजाचा द्या" म्हणून स्पीकर घेऊन येतो. आवाज मोठा होतो, पण मागच्या बाकावरचा मुलगा 'सात हजार' ऐकून वहीत 'साठ हजार' लिहितो. फी भरलेला विद्यार्थी तोंडावर तक्रार करत नाही. तो पुढच्या महिन्यात येतच नाही. म्हणून स्पीकर हा शोभेचा खर्च नाही, धंद्याचं साधन आहे. ते कसं निवडायचं, बघूया.

१. वॅटचा खेळ ओळखा

डब्यावर मोठ्या अक्षरात '२००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं असतं. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी निघू शकेल असा दाखवायचा आकडा. तो मोजायची एकच ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. आपल्याला हवा आरएमएसचा आकडा, म्हणजे स्पीकर सतत किती ताकदीने वाजेल तो.

आरएमएस लिहिलेलाच नसेल तर? स्पीकरचा अ‍ॅडॉप्टर हातात घ्या. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले २, म्हणजे २४ वॅट. जेवढं आत जातं त्यापेक्षा जास्त सतत बाहेर येणार नाही, उलट थोडं कमीच येईल. अ‍ॅडॉप्टर नसून थेट वायर असेल तर मागच्या लेबलवर किती वॅट खातो ते बघा. यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरलाही हाच हिशोब. यूएसबी २.० च्या साध्या पोर्टमधून ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. एका टेबलाला ठीक, वर्गाला नाही.

आणि हो, दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे! वॅट दुप्पट केले तर फरक पडतो ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. म्हणून २० ऐवजी ३० वॅटसाठी खूप जास्त पैसे मोजू नका. तेच पैसे चांगल्या बनावटीवर घाला.

२. क्वालिटी म्हणजे धमधम नव्हे

दुकानदार नेहमी दणदणीत गाणं लावून दाखवतो. बेस ऐकून आपण खूश होतो. पण शिकवताना लागतात ते शब्द. स, श, ठ, फ ही अक्षरं वेगळी ऐकू येतात ती वरच्या सुरांमुळे. बेस जास्त झाला की तीच दबतात. निव्वळ शिकवायला दोन स्पीकरचा चांगला २.० सेट पुरतो. वूफरवाला २.१ घेतलात तर वूफरचा आवाज वेगळा कमी करायचं बटण आहे ना, ते तपासा.

टेस्ट सोपी आहे. मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा: "सात, साठ, आठ, सतरा, सत्तर." दुकानात तेच वाजवायला सांगा आणि दहा-पंधरा फूट मागे जाऊन उभे राहा. बटण साधारण ६०-७० टक्क्यांवर असताना प्रत्येक आकडा वेगळा कळला पाहिजे. त्यासाठी फुल करावं लागत असेल, तर तो स्पीकर तुमच्या खोलीला लहान आहे.

३. टिकेल का?

- कोनभोवतीची कड बघा. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. रबरची जास्त टिकते. कोकणात, मुंबईत हे आधी बघा.
- वायर काढता-घालता येते का? वायर पिनजवळच तुटते. वेगळी असेल तर नवी आणून काम भागतं. जोडलेली असेल तर दुरुस्तीवाल्याकडे फेरी.
- आवाजाचं बटण हळूहळू फिरवा. नव्यातच खरखर असेल तर घेऊ नका.
- अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसची खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर हवा.
- सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. वॉरंटी असून सेंटर दोनशे किलोमीटरवर असेल तर उपयोग काय? पक्कं बिल घ्याच.

४. घरी आणल्यावर

स्पीकर मॉनिटरच्या मागे किंवा जमिनीवर ठेवू नका. बसलेल्या विद्यार्थ्याच्या कानाच्या थोडं वर, तोंड वर्गाकडे. वूफर कोपऱ्यात सारला की धमधम वाढते, म्हणून तो थोडा बाहेर ओढा. स्पीकर सारखा फुल चालवू नका. आवाज फाटायला लागला की आतले भागही लवकर जातात.

घूं आवाज येतोय? लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबलं तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. अर्थिंगची पिन मात्र कधीच तोडू नका.

आणि पन्नास-साठ जणांचा हॉल असेल तर कॉम्प्युटर स्पीकरचा नादच सोडा. तिथे अ‍ॅम्प्लिफायर, माईक आणि कॉलम स्पीकर असाच सेट लागतो.

आता एक काम करा. उद्या तुमच्याच वर्गात व्हिडिओ चालू ठेवा आणि शेवटच्या बाकावर पाच मिनिटं बसा. नवीन स्पीकर लागतोय, की आहे तोच नीट ठेवायचाय, हे तिथेच कळेल.

भेटूया पुढच्या भागात.