यंत्राला पाय फुटले!

मुलांनो, एखादी वस्तू जागेवर सापडली नाही की आपण म्हणतो, "तिला पाय फुटले!" आमच्या वर्गात मात्र एका यंत्राला खरोखरच पाय फुटले. त्याचीच ही गोष्ट.

शाळेच्या वाचनालयासाठी लाकडी पाटी करायची होती. मी पेन्सिलीने 'वाचनालय' लिहिलं आणि अक्षरं कोरायला रोटरी टूल घेतलं. हे हातात मावणारं विजेचं यंत्र. त्याच्या तोंडाशी बारीक पातं बसवतात. छताचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो, तर हे पातं पूर्ण वेगात ३०,००० च्या आसपास!

मोठ्या ऐटीत सुरुवात केली. शिरोरेघ जेमतेम वीतभर गेली, तोच पातं सर्रकन घसरलं. पाटीवर लांबलचक ओरखडा उठला आणि माझा अंगठा थोडक्यात वाचला. मुलं अगदी जवळ उभी होती आणि कुणाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता. चूक माझीच. मी यंत्र बंद करून वायर काढली.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, खुर्चीला पाय असतात, टेबलाला असतात. याला नाहीत, म्हणून ते पडतंय!"

अगदी बरोबर! सुतारदादांच्या मोठ्या राऊटरला खाली सपाट तळ असतो. त्यामुळे पातं सरळ उभं राहतं आणि ठरवलेल्या खोलीपेक्षा आत जात नाही. तसाच तळ घरी करता येतो.

६ मिमी जाडीच्या प्लायवूडचा १२ सेमीचा चौरस कापा. मध्यभागी ३ सेमी व्यासाचं भोक पाडा. भोकामागे एक लाकडी ठोकळा उभा करून खालून स्क्रूने पक्का करा. स्क्रूची डोकी प्लायवूडमध्ये बुडालीच पाहिजेत, नाहीतर ती पाटीवर ओरखडे काढतील. ठोकळ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. त्यावर यंत्र टेकवून, पाईपला लावतात तशा दोन मोठ्या क्लिपांनी आवळा. यंत्राची हवेची भोकं मात्र झाकू नका. पातं भोकाच्या बरोबर मध्यावर आणि तळाशी काटकोनात आहे ना, हे गुण्या लावून बघा.

आता गणित! पातं तळाच्या कडेपासून ६ सेमीवर आहे. म्हणून शिरोरेघेच्या वर ६ सेमीवर एक सरळ पट्टी घट्ट बसवा. तळ पट्टीला टेकवून यंत्र डावीकडून उजवीकडे, म्हणजे आपण लिहितो तसंच, सरकवा. पातं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, त्यामुळे ते आपोआप पट्टीकडेच ओढलं जातं. एका वेळी १ मिमीच कोरा. ३ मिमी खोल खाच हवी, तर तीनदा फिरवा.

हे काम आई-बाबांनी किंवा सुतारदादांनी करायचं. तुम्ही मोजमाप करा, रेघा आखा. चष्मा सगळ्यांनी लावायचा, नाकावर रुमाल बांधायचा आणि चार हात दूर उभं राहायचं. पातं बदलताना आधी वायर काढायची.

आम्ही त्याच पाटीची दुसरी बाजू कोरली. शिरोरेघ अशी सरळ आली, की फूटपट्टीनेही मान डोलवावी! मागचा ओरखडा मुद्दाम तसाच ठेवलाय. नवीन मुलं आली की पाटी उलटून मी आधी तोच दाखवते.